इंग्रजी कंट्री डान्समधील स्थानसंक्रमण : नियम, शिष्टाचार आणि इतिहास

१

इंग्लंडमधील कंट्री डान्स ह्या सामूहिक नृत्यप्रकाराचा विचार करताना त्यातील संगीत, पदन्यास आणि वेशभूषा ह्यांकडे अभ्यासकाचे लक्ष प्रथम जाते. परंतु ह्या नृत्याला इतर युरोपीय नृत्यांपासून वेगळे करणारे लक्षण ह्यांपैकी कोणतेही नव्हे. ते लक्षण म्हणजे नृत्य चालू असता प्रत्येक जोडीने ओळीतील आपली जागा ठरावीक क्रमाने बदलत जाणे हे होय. इंग्रजीत ह्यास ‘प्रोग्रेशन’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘स्थानसंक्रमण’ हा शब्द योजिला आहे.

स्थानसंक्रमण ही वरवर पाहता केवळ सोयीची योजना वाटते. बरीच माणसे एका खोलीत नाचावयाची असली की त्यांना कसे तरी हलते ठेवावे लागते, एवढाच तिचा अर्थ कोणी लावील. वस्तुतः ह्या एका नियमात सुमारे दोन शतकांच्या इंग्रजी समाजाने मानमरातब आणि समता ह्या दोन परस्परविरोधी गोष्टींची सांगड घातली होती. ही सांगड कशी घातली गेली, ती कशावर टिकून होती आणि ती का सुटली, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

प्रथम नावाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. ‘कंट्री डान्स’ ही संज्ञा इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आढळते आणि तिचा अर्थ ‘देशी’ किंवा ‘गावाकडचे’ नृत्य असाच आहे. सतराव्या शतकात हे नृत्य फ्रान्समध्ये गेले आणि तेथे त्याला ‘कोंत्रदान्स’ असे नाव पडले. फ्रेंच भाषेत ‘कोंत्र’ म्हणजे समोर किंवा विरुद्ध. ह्या नृत्यात पुरुषांची व स्त्रियांची ओळ एकमेकींसमोर उभी असल्यामुळे फ्रेंच नाव मोठे अन्वर्थक वाटले. इतके की, पुढे अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील काही इंग्रज लेखकांनी आपलाच शब्द फ्रेंच शब्दाचा अपभ्रंश आहे असे ठरवून टाकले. वस्तुस्थिती उलट आहे. इंग्रजी शब्द आधीचा असून फ्रेंच शब्द त्याच्या ध्वनींवर बेतलेला आहे. लोकव्युत्पत्तीचे हे एक नमुनेदार उदाहरण होय.

परंतु ही चूकही काही सांगून जाते. समोरासमोरच्या दोन लांब ओळी हे ह्या नृत्याचे मूळचे एकमेव रूप नव्हते. ते प्रधान रूप झाले ते स्थानसंक्रमणामुळे. आणि ते इतके प्रधान झाले की परकीयांनी त्याच्यावरून नाव घेतले व स्वकीयांनी ते खरे मानले.

३

ह्या नृत्याच्या इतिहासाचा मुख्य आधार म्हणजे लंडनमधील संगीतप्रकाशक जॉन प्लेफर्ड ह्याने १६५१ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘द इंग्लिश डान्सिंग मास्टर’ हा ग्रंथ. पहिल्या चार्ल्सच्या शिरच्छेदास तेव्हा दोनच वर्षे झाली होती आणि देशात राजसत्ता नव्हती. अशा काळात निघालेल्या ह्या पुस्तकात शंभराहून थोडी अधिक नृत्ये स्वरलिपीसह दिलेली आहेत. १६५२ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून नावातील ‘इंग्लिश’ हा शब्द गळला. पुढे प्लेफर्डचा पुत्र हेन्री आणि त्यानंतर जॉन यंग ह्यांनी ग्रंथ चालू ठेवला, आणि १७२८ च्या सुमारापर्यंत त्याच्या अठरा आवृत्त्या निघाल्या.

पहिल्या आवृत्तीत नृत्यरचनेचे अनेक प्रकार आहेत. काही नृत्ये वर्तुळात करावयाची, काही चार जोड्यांनी चौकोनात, काही तीन किंवा चार जोड्यांच्या आखूड ओळीत. आणि काही ‘येतील तितक्यांनी’ करावयाच्या लांब ओळीत. ह्यांपैकी वर्तुळ, चौकोन आणि आखूड ओळ ह्या रचनांत नाचणारांची संख्या बहुधा ठरलेली असते. हालचाली कितीही गुंतागुंतीच्या असल्या तरी शेवटी प्रत्येक जण आपल्या घरी परत येतो. लांब ओळीचे तसे नाही. तेथे संख्येला बंधन नाही आणि परत येण्याची घाईही नाही.

जसजशा आवृत्त्या पुढे जातात तसतसे वर्तुळ आणि चौकोन मागे पडत जातात व अठराव्या शतकाच्या आरंभी जवळजवळ सगळा ग्रंथ लांब ओळीच्या नृत्यांनी भरून जातो. ह्याची कारणे उघड आहेत. एक तर सार्वजनिक सभागृहे आणि मोठ्या घरांतील दिवाणखाने लांबट असत. दुसरे असे की, लांब ओळीचे नृत्य शिकावयास सोपे. दोन किंवा तीन जोड्यांनी मिळून करावयाच्या हालचालींचे एक आवर्तन पाठ झाले की संबंध नृत्य आले. पुस्तकातील पाचसहा ओळींची सूचना सहा जोड्यांना पुरते आणि तीसांनाही पुरते. मर्यादित नियमांतून अमर्याद रचना निर्माण करण्याची ही युक्ती भाषेच्या अभ्यासकाला अपरिचित नाही.

४

आता प्रत्यक्ष रीती पाहू. पुरुषांची एक ओळ व स्त्रियांची एक ओळ समोरासमोर उभी राहते; समोरचे स्त्रीपुरुष मिळून एक जोडी. वादक ज्या बाजूला बसतात ते ओळीचे अग्र आणि दुसरे टोक तो तळ. अग्रापासून जोड्या मोजावयाच्या. ही लांब ओळ लहान लहान गटांत विभागली जाते. गट दोन जोड्यांचा असल्यास त्या नृत्याला द्वियुग्म आणि तीन जोड्यांचा असल्यास त्रियुग्म म्हणता येईल.

द्वियुग्म नृत्यात गटातील वरची जोडी ती पहिली आणि खालची ती दुसरी. संगीताचे एक आवर्तन संपते तेव्हा ह्या दोघींनी आपापसांत जागा बदललेल्या असतात. पहिली एक घर खाली उतरते, दुसरी एक घर वर चढते. पुढील आवर्तनात पहिलीला नवीन दुसरी भेटते आणि तोच हालचालींचा क्रम पुन्हा होतो. तळाला पोचलेल्या जोडीला भेटावयास खाली कोणी उरत नाही. ती एक आवर्तन तटस्थ उभी राहते, आणि मग दुसरी जोडी म्हणून वर चढू लागते. त्याचप्रमाणे अग्राला पोचलेली दुसरी जोडी एक आवर्तन थांबते व पहिली होऊन उतरू लागते. सबंध ओळीकडे दुरून पाहिले तर रहाटगाडग्याचा भास होतो; काही पोहरे सतत खाली जात आहेत, काही वर येत आहेत, आणि दोन्ही टोकांना क्षणभर विसावा आहे.

प्रत्येक नृत्यात हालचाली निरनिराळ्या असल्या तरी त्यांच्यात कोठे तरी जागा बदलणारी एक हालचाल असावीच लागते. ‘होल इन द वॉल’ हे नृत्य ह्याचे चांगले उदाहरण आहे. सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील ह्या नृत्याची चाल हेन्री पर्सेलने १६९५ मध्ये ‘अब्देलाझर’ ह्या नाटकासाठी रचलेल्या संगीतातील आहे. आज ते ज्या रूपात नाचले जाते त्यात प्रथम पहिली जोडी दुसरीला बाहेरून वळसा घालून मधून परत येते आणि मग दुसरी तसेच करते. नंतर कोनातील दोघे समोरासमोर जागा बदलतात, उरलेले दोघे बदलतात, आणि चौघे हात धरून अर्धे वर्तुळ फिरतात. ह्या सगळ्या येण्याजाण्याचा हिशेब शून्य होतो. कारण कोनांच्या अदलाबदलीने जे साधले ते अर्ध्या वर्तुळाने पुसले जाते आणि चौघेही मूळ जागी येतात. शेवटच्या मोजक्या मात्रांत पहिली जोडी बाहेरून वळून खाली उतरते आणि दुसरी मधून वर येते. स्थानसंक्रमण एवढ्यातच घडते. बाकीचे सर्व सौंदर्यासाठी आहे. पण ही शेवटची हालचाल नसती तर तेच चौघे तेच सौंदर्य एकमेकांना रात्रभर दाखवीत राहिले असते.

‘पहिली जोडी’ हे येथे कोणाचे नाव नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. ती भूमिका आहे. संभाषणात ‘मी’ हा शब्द बोलणाराबरोबर फिरतो, तशी ही भूमिका जोडीकडून जोडीकडे जाते. प्लेफर्डच्या सूचना व्यक्तीला उद्देशून नसून भूमिकेला उद्देशून आहेत, म्हणूनच त्या इतक्या थोडक्या शब्दांत मावतात. नवशिक्या नर्तकाची चूक बहुधा पायांची नसते. तळाशी किंवा अग्राशी आपली भूमिका पालटली आहे हे विसरल्याची ती असते.

५

द्वियुग्म नृत्याचे गणित मोठे रेखीव आहे. चार जोड्यांची ओळ घेऊ आणि सर्व गटांनी एकदम आरंभ केला असे धरू. आरंभीचा क्रम १२३४. पहिल्या आवर्तनानंतर तो २१४३ होतो. दुसऱ्या आवर्तनात दोन्ही टोकांच्या जोड्या तटस्थ राहून मधल्या दोघी जागा बदलतात व क्रम २४१३ होतो. तिसऱ्यानंतर ४२३१ आणि चौथ्यानंतर ४३२१. म्हणजे चार आवर्तनांत ओळ बरोबर उलटी झाली आणि तेवढ्यात प्रत्येक जोडी इतर प्रत्येक जोडीला एकदा, आणि एकदाच, भेटली. आणखी चार आवर्तनांनी ओळ मूळ क्रमावर येते. जोड्या कितीही असोत, नियम हाच: जितक्या जोड्या तितक्या आवर्तनांत सर्वांची सर्वांशी भेट, आणि त्याच्या दुप्पट आवर्तनांत पूर्ववत क्रम.

हीच अंकमालिका त्याच काळात इंग्लंडच्या चर्चमनोऱ्यांतही निनादत होती. घंटा क्रम बदलीत वाजविण्याची जी कला सतराव्या शतकात तेथे वाढली तिचे आद्य ग्रंथ १६६८ चे ‘टिंटिनालॉजिया’ आणि फेबियन स्टेडमनचे १६७७ चे ‘कँपनालॉजिया’ हे होत. त्या कलेतील ‘प्लेन हंट’ नावाच्या अगदी प्राथमिक क्रमात प्रत्येक घंटा एकेक स्थान मागे सरकते, शेवटच्या स्थानी दोनदा वाजते आणि एकेक स्थान पुढे येते. चार घंटांचा हा क्रम लिहून काढल्यास वर दिलेले आकडेच जसेच्या तसे मिळतात. एका कलेने दुसरीकडून काही घेतले, असे ह्यावरून सुचवावयाचे नाही. शेजाऱ्याशी जागा बदलण्याची एकच क्रिया सर्वांनी नियमाने करीत राहिल्यास कोणीही न ठरवता संपूर्ण व्यवस्था निर्माण होते, ही गोष्ट त्या काळच्या इंग्रजांनी पायांनी आणि दोरांनी, दोन्हींनी अनुभवली होती, एवढेच.

त्रियुग्म नृत्यात गणित असे सममित राहत नाही. तेथेही पहिली जोडी प्रत्येक आवर्तनात दुसरीशी जागा बदलून एक घर उतरते. परंतु तिसरी जोडी जागच्या जागी राहते. पुढील आवर्तनात तीच तिसरी दुसरी बनते आणि वर सरकते. परिणामी चढणारी जोडी आळीपाळीने दुसरी आणि तिसरी होत दोन आवर्तनांत एकच घर चढते. उतरणे जलद आणि चढणे संथ, असा हा प्रकार आहे. तरीही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्रियुग्म नृत्यांचेच प्राबल्य झाले; कारण मधल्या जागी आलेल्या पहिल्या जोडीला वर आणि खाली अशा दोन्ही बाजूंना सोबती मिळत आणि तिघांनी विणावयाच्या, तिघांनी हात गुंफावयाच्या हालचाली करता येत. पहिल्या जोडीचे नृत्य त्यामुळे खुलले. इतरांच्या वाट्याला मात्र साहाय्य आणि प्रतीक्षा अधिक आली.

तिसरा एक प्रकार संपूर्ण ओळीचा. ‘सर रॉजर डी कव्हर्ली’ ह्या प्रसिद्ध नृत्यात गट पाडावयाचेच नाहीत. अग्राची जोडी आपले आवर्तन करून सरळ तळाला जाते आणि बाकीच्या सर्व जोड्या एकेक घर वर सरकतात. ह्याचे गणित सर्वांत सोपे आणि त्याचा आनंद सर्वांत बालसुलभ आहे. मेजवानीच्या अखेरीस हे नृत्य करण्याचा प्रघात पडला तो उगाच नव्हे.

६

आतापर्यंत सोयीसाठी सर्व गट एकदम आरंभ करतात असे मानले. अठराव्या शतकातील आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची रीत वेगळी होती. नृत्याचा आरंभ एकट्या अग्रजोडीने करावयाचा आणि बाकी सर्वांनी उभे राहावयाचे. कोणते नृत्य आणि कोणती चाल हे ठरविण्याचा मानही अग्रस्थानाचाच. ही जोडी एकेक घर उतरत जाई. जिच्यापाशी ती पोचे ती जोडी नृत्यात ओढली जाई, आणि पुरेशी जागा मोकळी होताच अग्राला आलेली नवीन जोडी तिच्या मागोमाग उतरू लागे. अशा रीतीने स्थिर ओळीला वरून खालपर्यंत हळूहळू चेतना येई.

येथे मानाचा प्रश्न उभा राहतो. अग्रस्थानी कोणी उभे राहावयाचे? बाथ शहराच्या सभागृहांवर अर्धशतक अधिराज्य गाजविणाऱ्या रिचर्ड नॅशच्या (मृत्यू १७६१) व्यवस्थेत सायंकाळी सहाला आरंभ होई. प्रथम मिन्यूएट, नंतर कंट्री डान्स, आणि अकराला सर्व बंद. ऑलिव्हर गोल्डस्मिथने १७६२ मध्ये लिहिलेल्या त्याच्या चरित्रावरून दिसते की, कंट्री डान्समध्येही उच्चकुलीन स्त्रियांचा दर्जानुसार अग्रहक्क मानला जात असे. इतर अनेक सभागृहांत कलह टाळण्यासाठी स्त्रियांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या देण्याची पद्धत होती.

जेन ऑस्टेनच्या कादंबऱ्यांतून ह्या मानाची धार जाणवते. ‘मॅन्सफिल्ड पार्क’ (१८१४) मधील आश्रित फॅनी प्राइसला नृत्याचा आरंभ आपण करावयाचा आहे हे कळते तेव्हा ती घाबरून जाते; इतकी मोठी जागा आपली असू शकते हे तिला खरेच वाटत नाही. १८१५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘एमा’ मध्ये नवविवाहित मिसेस एल्टनला अग्रस्थान द्यावे लागते आणि गावात सदैव पहिली असलेल्या नायिकेला दुसऱ्या जागी उभे राहावे लागते. वाचकाला त्या एका घराच्या अंतराचे मोल समजते, कारण ऑस्टेनच्या काळच्या वाचकाला ते पुरेपूर ठाऊक होते.

परंतु नियमाची दुसरी बाजू ह्याच ठिकाणी प्रकट होते. अग्रस्थान मिळाले तरी ते राखता येत नाही. संगीत सुरू होताच मानकरी जोडी खाली उतरू लागते आणि जिला ती दुय्यम समजत होती ती तिच्या जागी चढते. उतरताना तिला ओळीतील प्रत्येक जोडीशी हात मिळवावा लागतो. व्यापाऱ्याच्या मुलीला टाळून पुढे जाण्याची सोय नियमात नाही. तळाला उभी असलेली अखेरची जोडीदेखील, पुरेसा वेळ मिळाल्यास, अग्राला पोचते आणि तिच्या वाट्याला अगदी तेच आवर्तन, तेच स्वर, तीच लांबी येते. दर्जा ठरवितो तो आरंभ कोणी करावयाचा एवढेच. काय करावयाचे ते सर्वांना समान आहे. मान नाकारावयाचा नाही, पण त्याला स्थिर होऊ द्यावयाचे नाही, अशी ही तडजोड आहे.

७

ही तडजोड गणितावर उभी असली तरी तिचा आधार गणित नव्हता. त्रियुग्म नृत्यात नवी जोडी दर तिसऱ्या आवर्तनाला आरंभ करते. बारा जोड्यांची ओळ असेल तर प्रत्येकीला अग्रापासून तळापर्यंत एकदा उतरण्यास एकंदर ४४ आवर्तने लागतात. वीस जोड्यांना ७६. एका आवर्तनाला अर्धा मिनिट धरला तरी पहिल्या प्रसंगी बावीस मिनिटे आणि दुसऱ्या प्रसंगी अडतीस मिनिटे होतात. ऑस्टेनच्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’ (१८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध) मध्ये नायिका नृत्याचे वर्णन लांब खोलीत अर्धा तास समोरासमोर उभे राहणे असे करते, ते ह्या हिशेबाशी जुळते. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) मधील एलिझाबेथ आणि डार्सी ह्यांचा नेदरफील्ड येथील तो चकमकीसारखा संवादही ह्याच सक्तीच्या प्रतीक्षेत शक्य झाला आहे. नृत्यात उभे राहावे लागे म्हणून बोलावे लागे.

आता अग्रजोडीचा विचार करा. तिने सर्वांत आधी आरंभ केला; सात-आठ मिनिटांत ती तळाला पोचली. तिचा मान झाला, तिचा आनंद झाला. उरलेला वेळ तिला कधी दुसरी तर कधी तिसरी होऊन, इतरांच्या हालचालींना केवळ आधार देत, एकेक घर संथपणे चढावयाचे आहे. ह्या क्षणी ती ओळीतून निघून जाऊन आसनावर बसली तर तिचे काहीच बिघडत नाही. बिघडते ते मागून येणारांचे. तळाकडील जोड्या एकेक करून निघून गेल्या तर शेवटच्या जोडीला अग्र मिळेल, पण उतरावयास ओळच उरणार नाही.

म्हणूनच त्या काळच्या सभागृहांच्या नियमावल्यांत एक कलम पुनःपुन्हा येते: ज्यांनी आपले नृत्य खालपर्यंत नेले आहे त्यांनी बाकीच्यांचे होईपर्यंत जागा सोडू नये. लंडनमधील नृत्यशिक्षक टॉमस विल्सन ह्याने १८०८ मध्ये कंट्री डान्सचे आकृत्यांसह विश्लेषण करणारे पुस्तक प्रसिद्ध केले आणि पुढे आणखी ग्रंथ लिहिले. त्याच्याही लेखनात हालचालींच्या जोडीला नृत्यगृहातील वर्तनाच्या नियमांना मोठे स्थान आहे. हे कलम पुनःपुन्हा छापावे लागले ह्याचा अर्थ ते पुनःपुन्हा मोडले जात होते असाच घ्यावा लागतो. नियमावली ही सदाचाराची साक्ष नसते. बहुधा ती अनाचाराची असते.

स्थानसंक्रमणाचे मर्म ह्या कलमात आहे. ज्याची पाळी होऊन गेली आहे त्याने इतरांची पाळी येईपर्यंत उभे राहावे, ह्या सौजन्यावाचून तो सारा नियम कागदावरचा राहतो. समता हालचालींतून आपोआप निर्माण होत नव्हती. ती खाली उतरलेल्यांच्या चिकाटीतून निर्माण होत होती.

८

१८१५ च्या सुमारास लंडनमधील ऑल्मॅक्स ह्या उच्चभ्रू सभागृहात फ्रान्सहून क्वाड्रिल आले. वॉल्ट्झही त्याच दशकात प्रतिष्ठित झाला. क्वाड्रिलमध्ये चार जोड्या चौकोनात उभ्या राहतात आणि नृत्य संपेपर्यंत तेच आठ जण एकमेकांसमोर असतात. वॉल्ट्झमध्ये तर जोडीला इतर कोणाची गरजच नाही. १८४४ च्या सुमारास पोल्काची लाट आली आणि तीही ह्याच दिशेने गेली. कंट्री डान्स नागर समाजातून मागे पडला त्याला नवीनतेची हौस हे कारण होतेच. परंतु नव्या नृत्यांनी माणसाला एका ऋणातून मुक्त केले, हेही कारण दुर्लक्षण्यासारखे नाही. आपल्या पसंतीचे आठ जण किंवा आपल्या पसंतीची एक व्यक्ती निवडली की बाकी सभागृहाशी संबंध उरत नव्हता आणि कोणासाठी थांबण्याचे कारणही नव्हते.

तरीही लांब ओळ लगेच नाहीशी झाली नाही. डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ (१८४३) मध्ये फेझिविगच्या वखारीतील नाताळच्या नृत्यात मालक, कारकून, स्वयंपाकीण आणि शेजारचा पोऱ्या एकाच ओळीत आहेत; तेथे जोड्या भलत्याच जागी निघतात, नव्या जोड्या घाई करतात आणि स्थानसंक्रमणाचा पुरता गोंधळ उडतो. डिकन्सने केलेली ही थट्टा ज्याला नियम माहीत आहे त्यालाच कळेल, आणि ती कळेल असा त्याला भरवसा होता. टॉमस हार्डीच्या ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ (१८७२) मध्येही खेड्यातील घरात अशी नृत्ये रंगतात. शहराने टाकलेली वस्तू खेड्यांनी जपली होती. ‘गावाकडचे नृत्य’ हे नाव अशा रीतीने पुन्हा एकदा खरे ठरले.

सेसिल शार्प (१८५९–१९२४) ह्याने ही परंपरा नव्याने प्रकाशात आणली. त्याच्या ‘द कंट्री डान्स बुक’ च्या १९०९ मधील पहिल्या भागात खेड्यांतून टिपलेली अठरा नृत्ये आहेत. १९११ च्या दुसऱ्या भागापासून तो प्लेफर्डच्या ग्रंथाकडे वळला. त्याच वर्षी इंग्लिश फोक डान्स सोसायटीची स्थापना झाली. लघुगट, पूर्ण ओळ, तटस्थ जोडी ह्या कल्पना शार्पने व्यवस्थित परिभाषेत मांडल्या, हे त्याचे मोठे कार्य होय.

परंतु पुनरुज्जीवनात वस्तू जशीच्या तशी परत येत नाही. विसाव्या शतकात सर्व गटांनी एकदम आरंभ करण्याची रीत रूढ झाली. दीर्घ प्रतीक्षेचा कंटाळा त्यामुळे टळला. पण मग सर्वांना अग्रापासून उतरण्याची संधी देण्याची कल्पनाही गळली. ठरावीक आवर्तने झाली की वादक थांबतात. आरंभी जो ज्या भूमिकेत असेल तीत त्याचा बहुतेक वेळ जातो. त्रियुग्म नृत्यांना ह्याचा विशेष फटका बसला, कारण तेथे दोनतृतीयांश लोक साहाय्यकच राहतात. त्यामुळे अनेक त्रियुग्म नृत्ये पुढे तीनच जोड्यांच्या स्वतंत्र गटांत बसविण्यात आली. १९२३ मध्ये ग्लासगो येथे स्थापन झालेल्या स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटीच्या परंपरेत चार जोड्यांची ओळ प्रमाण झाली; प्रत्येक जोडी दोनदा नृत्य करून तळाला जाते आणि आठ आवर्तनांत सर्वांचा हिशेब पुरा होतो. ही वाटणी न्याय्य आहे, नीटनेटकी आहे आणि वेळेत संपणारी आहे. मात्र तिच्यात अनोळखी माणूस समोर येण्याची शक्यता तीन जोड्यांपुरती आटली आहे.

९

एकंदरीत पाहता स्थानसंक्रमणाचा इतिहास हा एका नियमाच्या दोन अंगांचा इतिहास आहे. त्याचे गणिती अंग अविनाशी आहे. चार आकडे कागदावर मांडून कोणीही ते आजही पडताळू शकतो. दुसरे अंग शिष्टाचाराचे. ते कागदावर मावत नाही. प्लेफर्डच्या पुस्तकात पाचसहा ओळींत पहिल्या जोडीने काय करावे ते सांगितले आहे. तिचे काम झाल्यावर तिने किती वेळ उभे राहावे हे तेथे सांगितलेले नाही, कारण ते सांगण्याची आवश्यकता तेव्हा भासली नसावी. जेव्हा ती भासली आणि सभागृहांच्या भिंतींवर तशी कलमे लागली, तेव्हा ह्या नृत्याच्या ओहोटीस आरंभ झाला होता असे म्हणता येईल.

अग्रस्थानाचा मोह सर्व समाजांत आढळतो आणि त्यावरचे उपायही अनेक आढळतात. कंट्री डान्सने शोधलेला उपाय असा होता की, अग्रस्थान कोणालाही द्यावे, पण तेथून निघण्याची वाट सर्वांच्या हातांतून नेलेली असावी. आणि जो तळाला पोचला त्याने तेथून वर येणाराला हात द्यावा. ओळीत शेवटी उभी असलेली जोडी पाऊण तास उभी राही ती ह्या विश्वासावर. तो विश्वास जोवर टिकला, तोवर ती ओळ टिकली.